शार्डलो गावातल्या जुन्या वखारी, गिरण्या आणि गोदामं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डर्बी, नॉटिंगहम, लेस्टर भागात राहणारी मराठी मंडळी आणि त्यांच्याकडे इंडियातून येणारे पाहुणे यांच्याकडून शार्डलोबद्दल तेच तेच प्रश्न येत असतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच जागी लिहून ठेवतोय.

शार्डलो नेमकं कुठे आहे आणि तिथे बघण्यासारखं काय आहे?

इंग्लंडच्या मधल्या भागात, डर्बीशरमध्ये, डर्बी शहराच्या आग्नेयेला सहा-सात मैलांवर, ट्रेंट नदीच्या उत्तर काठाला. गाव इतकं छोटं की गाडीने दोन मिनिटांत संपतं आणि बरेच जण तसेच निघून जातात, थांबत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण या एवढ्याशा गावात पन्नासच्या वर संरक्षित इमारती आहेत आणि त्यातल्या कितीतरी धंद्याच्या आहेत, म्हणजे वखारी, धान्याची गोदामं, गिरण्या, मॉल्ट म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं सातू बनवायची घरं, बोटवाल्यांचे पब, व्यापाऱ्यांचे वाडे. अठराव्या शतकातलं नदी-कॅनलचं एक अख्खं बंदर तिथे विटांमध्ये उभं आहे. मोठ्या शहरांमधली अशी बंदरं कधीच पाडून झाली, हे राहिलं.

फक्त एक करा, रस्त्याकडून बघू नका. लंडन रोडवरून बघितलं तर साध्या लाल विटांच्या भिंती दिसतात आणि माणूस म्हणतो, यात काय आहे? या सगळ्या इमारती पाण्याकडे तोंड करून बांधल्यात, त्यामुळे कॅनलच्या काठाने चालत बघितल्याशिवाय त्या कळत नाहीत.

हा कॅनल म्हणजे आपल्याकडच्यासारखा शेतीच्या पाण्याचा कालवा का?

नाही. हा पूर्णपणे माल वाहून न्यायला खणलेला जलमार्ग आहे. नीरा कालवा, मुठा कालवा हे शेतापर्यंत आणि गावापर्यंत पाणी न्यायला काढले, इथे पावसाला तोटा नव्हता, तोटा होता तो बऱ्या रस्त्यांचा. चिखलाच्या रस्त्यावर एक घोडा जेमतेम टन-दोन टन माल ओढणार, तोच घोडा कॅनलच्या काठाने चालत दोरीने बोट ओढतो तेव्हा पंचवीस-तीस टन सहज नेतो. चिनीमातीची भांडी खाचखळग्यातून गाडीत न्यायची म्हटलं की किती फुटायची विचार करा, पाण्यावरून ती सुखरूप जायची, आणि म्हणूनच या कॅनलसाठी सगळ्यात जास्त धडपड भांडी बनवणाऱ्यांनी केली.

कॅनल कोणी बांधला, कधी बांधला?

नाव ट्रेंट अँड मर्सी कॅनल. एका टोकाला ट्रेंट नदी, म्हणजे पुढे हल बंदर आणि पूर्वेचा समुद्र, दुसऱ्या टोकाला मर्सी, म्हणजे लिव्हरपूल आणि पश्चिमेचा समुद्र. पार्लमेंटची मंजुरी १७६६ साली मिळाली आणि त्याच वर्षी २६ जुलैला बर्स्लेमजवळ पहिली कुदळ मारली जोसाया वेजवुडने, हो तोच, वेजवुडच्या भांड्यांवाला. इंजिनिअर होता जेम्स ब्रिंडली. हा माणूस मूळचा गिरण्या बांधणारा कारागीर, शाळा जवळजवळ नाहीच, नकाशे आणि हिशोब कागदावर मांडण्यापेक्षा डोक्यात ठेवायचा, आणि फारच अवघड काही आलं की खोलीत जाऊन अंथरुणावर पडून राहायचा, उत्तर सापडलं की उठायचा. १७७२ साली तो गेला, काम अर्धवट होतं, ते त्याच्या मेव्हण्याने म्हणजे ह्यू हेनशॉलने १७७७ साली पूर्ण केलं. एकूण लांबी साधारण ९३ मैल. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो हेअरकासलच्या बोगद्याने. शार्डलोकडचा भाग मात्र आधीच, १७७० च्या सुमारास चालू झाला होता, त्यामुळे बाकी कॅनल खणला जात असतानाच इथे वखारी उठायला लागल्या.

कॅनलच्या आधी इथे काय होतं?

नदी होती आणि नदी ओलांडायची जागा होती. विल्डन फेरी नावाची नाव चालायची आणि त्या घाटाचा, नदीवरच्या मालवाहतुकीचा धंदा फॉस्ब्रुक घराण्याच्या हातात होता. त्यांनी १६८४ साली बांधलेला शार्डलो हॉल अजून आहे. मग १७६० च्या आसपास फेरीच्या जागी कॅव्हेंडिश ब्रिज हा दगडी पूल आला, जेम्स पेन या आर्किटेक्टचं काम.

आणि त्याच्याही खूप आधीचं सांगायचं तर १९९८ साली गावाजवळच्या वाळू-खडीच्या खाणीत एका अख्ख्या ओंडक्यातून कोरलेली होडी सापडली, ब्राँझ युगातली, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, आणि तिच्यात वाळूच्या खडकाचे दगड भरलेले होते. म्हणजे मालाने भरलेली होडी! ती आता डर्बी म्युझियममध्ये आहे. मी पाहुण्यांना आधी ती दाखवतो आणि मग शार्डलोला नेतो, कारण या भागात पाण्यावरून ओझं नेणं किती जुनं आहे ते तिथेच कळतं.

एवढ्या छोट्या गावात इतक्या वखारी कशासाठी?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. माल जिथे एका वाहनातून उतरून दुसऱ्यात चढतो तिथे गोदाम लागतं, बस. शार्डलोपासून साधारण मैलभर पूर्वेला डर्वेंट माउथला कॅनल ट्रेंटला मिळतो. नदीवर चालायचे रुंद, जड पडाव, आणि कॅनलवर चालायच्या नॅरोबोटी, फक्त सात फूट रुंद आणि सत्तर फुटांच्या आसपास लांब. बर्टन या पश्चिमेकडच्या बिअरच्या गावापर्यंतचे लॉक, म्हणजे बोट वरखाली करायच्या दारांच्या पाण्याच्या पायऱ्या, रुंद ठेवल्या होत्या पण त्याच्या पुढच्या जवळजवळ सगळ्या सात फुटी, म्हणजे नदीचा पडाव कॅनलभर जाऊच शकत नव्हता आणि नॅरोबोट पूर आलेल्या ट्रेंटवर नेणं म्हणजे जिवाशी खेळ. मग अदलाबदल कुठेतरी करावीच लागणार. नदीच्या अगदी तोंडाशी केली तर पुराची भीती, थोडं आत सरकलं की शार्डलो, तिथे शांत पाणी, आणि वरून लंडनहून उत्तरेला जाणारा मोठा रस्ता गावातूनच जाणारा. नदी, कॅनल आणि रस्ता तिन्ही एका जागी, व्यापाऱ्याला अजून काय पाहिजे!

त्यात माल लगेच पुढे जायचा असंही नाही. हलहून आलेलं लाकूड बोटींची वाट बघत पडणार, मीठ गिऱ्हाईक येईपर्यंत कोरडं ठेवायचं, धान्याला भाव येईपर्यंत थांबायचं, हिवाळ्यात कॅनल गोठला तर आठवडेच्या आठवडे सगळं ठप्प. म्हणून वखारी, आणि त्याही प्रत्येक मालाच्या वेगळ्या.

कुठला माल कुठून कुठे जायचा?

पश्चिमेकडून यायची स्टॅफर्डशरची चिनीमातीची भांडी, चेशरचं मीठ आणि चीज, बर्टनची बिअर. पूर्वेकडून हल आणि गेन्सबरोमार्गे यायचं बाल्टिककडचं लाकूड आणि लोखंड, भांड्यांसाठी गारगोटीचे दगड, वाइन, किराणा. आजूबाजूच्या भागातलं बार्ली म्हणजे सातू इथे येऊन त्याचं मॉल्ट व्हायचं आणि बर्टनच्या ब्रुअरीजना जायचं.

बर्टनच्या बिअरचा भारताशी खरंच संबंध आहे का?

आहे. बर्टनवाल्यांचा आधी मोठा धंदा होता रशिया आणि बाल्टिकशी, आणि तो माल ट्रेंटवरून हलकडे, म्हणजे याच बाजूने जायचा. १८२२ साली रशियाने जकात वाढवली आणि तो धंदा कोसळला. भारतात जाणारी बिअर तोपर्यंत मुख्यतः लंडनच्या हॉजसन ब्रुअरीकडून जायची, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून. त्याच सुमारास बर्टनच्या ऑलसॉप ब्रुअरीने भारतासाठी फिकट रंगाची, जास्त हॉप्सवाली (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बिअर काढली, मागून बास ही ब्रुअरी उतरली, आणि बर्टनचं पाणी त्या बिअरला इतकं मानवलं की कलकत्ता, मुंबईच्या गोऱ्या साहेबांमध्ये तिचंच नाव झालं. आज जिला इंडिया पेल एल किंवा आयपीए म्हणतात ती हीच. बर्टनला रेल्वे आली १८३९ साली, म्हणजे त्याआधी ही पिंपं बर्टनमधून बाहेर पडताना पाण्याचाच मोठा आधार होता, पश्चिमेला लिव्हरपूलकडे किंवा पूर्वेला शार्डलोवरून ट्रेंटने समुद्राकडे. मुंबईच्या कँटोन्मेंटमध्ये फुटणाऱ्या पिंपाच्या वाटेवर हे गाव होतं, हे कळल्यावर पाहुणे एकदम लक्ष देऊन ऐकायला लागतात.

क्लॉक वेअरहाऊस एवढी प्रसिद्ध का?

कारण ती बघितली की सगळं समजतं, काही सांगावं लागत नाही. १७८० सालची इमारत, लाल विटांची, वर त्रिकोणी माथा आणि त्यात घड्याळ, आणि मधोमध खाली मोठी रुंद कमान. ती कमान दार नाहीये, तिच्यातून पाण्याचा एक फाटा सरळ इमारतीच्या पोटात जातो. बोट आत घ्यायची, छपराखाली उभी करायची आणि वरच्या मजल्यावरून दोराने माल खालीवर करायचा. इथला पाऊस बघता ही सोय किती मोठी होती विचार करा, धान्याचं पोतं एकदा भिजलं की गेलंच.

पुढे हीच इमारत धान्याची गिरणी म्हणून वापरली गेली आणि खूप नंतर दुरुस्त होऊन तिथे पब-रेस्टॉरंट झालं. माझं विचाराल तर आत जाण्याआधी समोरच्या काठावर पाच मिनिटं नुसतं उभं राहा आणि कमानीच्या कडा बघा.

नुसती इमारत बघून ती कशासाठी होती हे कसं ओळखायचं?

हे एकदा जमलं ना की अख्खं गाव वाचता येतं.

आधी खिडक्या बघा. शार्डलोच्या गोदामांची खूण म्हणजे अर्धवर्तुळाकार खिडक्या, वर गोल आणि खाली सपाट, ओतीव लोखंडाच्या चौकटीच्या. गोदामात माणूस राहत नाही त्यामुळे उजेड फार नको, हवा हवी, आणि भिंतीचा खालचा भाग पोती रचायला मोकळा पाहिजे, म्हणून खिडकी उंचावर आणि अशी आडवी. काही इमारतींमध्ये नंतर फ्लॅट झालेत पण खिडक्यांचा तोच आकार ठेवलाय, त्यामुळे आज ज्या घरात पडदे लावलेत आणि कुंड्या ठेवल्यात तिथे एकेकाळी धान्य होतं हे बाहेरूनच कळतं.

मग दारं. पाण्याच्या बाजूला एकावर एक, प्रत्येक मजल्याला एक दार, बाहेर ना जिना ना गॅलरी, दार उघडलं की सरळ खाली पाणी. ती माल ओढून घ्यायची दारं. त्यांच्या डोक्यावर कधीकधी भिंतीतून बाहेर आलेली लाकडी खोपटी असते, तिच्यात कप्पी असायची.

मॉल्टचं घर वेगळं. ते लांबच लांब आणि बुटकं, मजल्यांची उंची कमी, खिडक्या लहान. भिजवलेलं बार्ली जमिनीवर पसरून मोड आणायचे, वरचेवर लाकडी फावड्याने उलटसुलट करायचं आणि मग भट्टीत वाळवायचं, या कामाला उंच छत लागतच नाही, लांबरुंद जमीन लागते. कॅनलकाठचा माल्ट शॉव्हेल नावाचा पब अशाच जुन्या मॉल्टिंगच्या इमारतीशी जोडलेला आहे, आणि पबचं नावच त्या फावड्याचं.

आणि मिठाची वखार, सॉल्ट वेअरहाऊस. १७७० च्या दशकातली, म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या कॅनल इमारतींपैकी. तिच्यात आता गावातल्या लोकांनी चालवलेलं हेरिटेज सेंटर आहे.

व्यापारी कोण होते आणि राहायचे कुठे?

सटन आणि सोर्सबी ही दोन मोठी नावं. यांना नुसते व्यापारी म्हणता येणार नाही, हे वाहतूकदार होते, बोटी यांच्या, घोडे यांचे, तबेले, वखारी, माणसं सगळं यांचं. काही बोटी रात्रंदिवस चालायच्या, ठरलेल्या जागी घोडा बदलायचा आणि पुढे, त्यांना फ्लायबोट म्हणायचे, आजच्या एक्स्प्रेस पार्सलसारखं. कॅनल कंपनीचे स्वतःचे लोकही स्पर्धेत होते, ह्यू हेनशॉलच्याच नावाने त्यांची वाहतूक चालायची.

राहायचे ते धंद्याच्या अगदी शेजारी. लंडन रोडवरची पांढऱ्या चौकटींची, एकसारख्या खिडक्यांची मोठी घरं बघा, मागच्या बाजूला पाणी आणि वखार, पुढच्या बाजूला बग्गी थांबायची जागा. पुढे पैसा आल्यावर शार्डलो हॉलही फॉस्ब्रुकांकडून सटन घराण्याकडे गेला. म्हणजे नदीवर नाव चालवणाऱ्यांचा वाडा कॅनलवाल्यांनी घेतला, यातच धंदा कुणाकडून कुणाकडे सरकला ते दिसतं.

बोटींवर आणि वखारीत काम करणाऱ्यांची घरं मात्र लहान, दोन खोल्या वर दोन खाली, आणि त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. त्यांच्या खुणा बघायच्या असतील तर जुन्या पुलांचे कोपरे बघा. भिजलेल्या, वाळू चिकटलेल्या दोऱ्या वर्षानुवर्षं घासून कॅनलच्या पुलांच्या विटांना आणि लोखंडी पट्ट्यांना हाताचं बोट जाईल एवढ्या खाचा पडलेल्या असतात, मुलांना त्यात आपलं बोट घालून बघायला द्या.

धंदा बसला कधी आणि कशामुळे?

रेल्वे. १८३९ साली नॉटिंगहम-डर्बी लाइन सुरू झाली आणि ती शार्डलोला न येता जवळून निघून गेली. १८४६-४७ मध्ये तर नॉर्थ स्टॅफर्डशर रेल्वेने अख्खा कॅनलच विकत घेतला. कॅनल लगेच बंद पडला नाही, मातीची, कोळशाची वाहतूक बराच काळ चालली, पण माल उतरवून पुन्हा चढवायची जी गरज होती ती संपली, आणि शार्डलोचं पोट त्याच्यावरच होतं. एकोणिसावं शतक संपता संपता बंदर म्हणून गाव जवळपास थांबलं होतं.

मग इमारती पाडल्या का नाहीत?

पाडायला सुद्धा कारण लागतं आणि पैसा लागतो! शहरात जुनं गोदाम पाडून त्या जागी काहीतरी मोठं बांधायचा मोह असतो, इथे जागेला मागणीच नव्हती. कोणी वखारीत पशुखाद्याची, धान्याची गिरणी टाकली, कोणी बोटी बांधायचं वर्कशॉप काढलं, कोणी नुसतंच कुलूप लावून ठेवलं. विटा पक्क्या होत्या, छपरं शाकारली जात राहिली. मग १९७० च्या दशकात इंग्लंडभर कॅनलबद्दल लोकांना पुन्हा प्रेम वाटायला लागलं, सुट्टीत बोटीने फिरणारे यायला लागले, आणि तोपर्यंत या इमारती जागेवर होत्या हे नशीब. माझ्या मते गावातल्या लोकांना मात्र नशिबापेक्षा जास्त श्रेय आहे, कारण जुन्या विटांची डागडुजी नव्या भिंतीपेक्षा महाग पडते आणि तरी ते करत आलेत.

लिस्टेड इमारत म्हणजे काय, मालकाला काही करता येत नाही का?

लिस्टेड म्हणजे जुनी आणि महत्त्वाची म्हणून सरकारी संरक्षित यादीत घातलेली इमारत. मालकाला बदल करता येतात, पण परवानगीशिवाय नाही. इथल्या बहुतेक इमारती ग्रेड टू म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या यादीत आहेत. खिडकी बदलायची तरी कौन्सिलची संमती लागते.

कॅव्हेंडिश ब्रिज अजून आहे का?

मूळ दगडी पूल नाही. मार्च १९४७ मध्ये मोठा पूर आला त्यात तो कोसळला. मग लष्करी पद्धतीचा तात्पुरता लोखंडी पूल टाकला आणि १९५७ च्या सुमारास आजचा काँक्रीटचा झाला. पण जुन्या पुलावरच्या टोलचा दगडी फलक वाचलाय आणि तो नदीपलीकडे, लेस्टरशरच्या बाजूला लावलेला आहे, बग्गीला किती, घोड्याला किती, गुरांना किती असे दर त्यावर कोरलेत. जरूर बघा, वाचायला मजा येते.

कॅनलच्या काठाला लोखंडी खांब दिसतात, त्यावर शार्डलोचं नाव का?

ते मैलाचे खांब. १८१९ साली स्टोन गावात ओतलेले, त्यावर एका बाजूला शार्डलो आणि दुसऱ्या बाजूला प्रेस्टन ब्रुक ही नावं आणि तिथून किती मैल ते आकडे. दोन्ही आकड्यांची बेरीज कुठेही करा, ९२ येते. थेट चेशरमध्ये एखाद्या शेताच्या कडेला उभं राहून बघितलं तरी या चिमुकल्या गावाचं नाव समोर येतं, इतकी या जागेची किंमत होती. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला वाट कळू नये म्हणून खांब काढून टाकले होते, जे हरवले ते पुढे कॅनलप्रेमी लोकांच्या सोसायटीने नव्याने ओतून लावले, अशा खांबांवर सोसायटीची अक्षरं दिसतील.

आई-बाबांना घेऊन जायचंय, त्यांना चालवेल का? किती वेळ लागतो?

चालवेल, चढ अजिबात नाही. क्लॉक वेअरहाऊसपासून सॉल्ट वेअरहाऊस आणि कॅनलकाठचे पब एवढंच केलं तर हळूहळू चालत तासाभरात होतं. काठाने पुढे डर्वेंट माउथपर्यंत गेलात तर अजून मैलभर, तिथे कॅनल नदीला मिळतो ते दिसतं, पण पावसानंतर वाट चिखलाची असते, चप्पल-सँडल नको. पाण्याला कठडा नाही त्यामुळे लहान मुलांचा हात धरून ठेवा.

डर्बीहून ईस्ट मिडलंड्स एअरपोर्टकडे जाणारी बस गावात थांबते. गाडीने एम-वन मोटरवेवरून पण जवळ आहे. पूर्वी सगळा ट्रॅफिक गावातून जायचा, १९९० च्या दशकात बायपास झाल्यापासून रस्ता शांत आहे.

आत जाऊन बघता येतं का?

हेरिटेज सेंटर स्वयंसेवक चालवतात, साधारण उन्हाळ्याच्या सीझनमध्ये वीकेंडला उघडं असतं, निघण्याआधी वेळ तपासून घ्या. पब तर सगळ्यांना खुले, पण तेही आधी बघून घेतलेलं बरं. बाकी बऱ्याच वखारींमध्ये लोक राहतात किंवा ऑफिसं आहेत, तिथे बाहेरूनच बघायचं, खिडकीत कॅमेरा घालू नका प्लीज.

फोटो कुठून चांगले येतात?

दुपारनंतर, क्लॉक वेअरहाऊसच्या समोरच्या काठावरून. वारा नसेल तर कमान पाण्यात पूर्ण गोल दिसते.

हे आवडलं तर अजून कुठे जावं?

नॉर्थॅम्प्टनशरमधलं स्टोक ब्रुअर्न, तिथे जुन्या धान्याच्या गिरणीत कॅनल म्युझियम आहे आणि जवळच ब्लिसवर्थचा लांब बोगदा. वूस्टरशरमधलं स्टोरपोर्ट हे नदी आणि कॅनलच्या भेटीवर उभं राहिलेलं दुसरं बंदर, तेही ब्रिंडलीच्याच कॅनलवर, पण ते गावाचं शहर झालं. वेजवुडची भांडी बघायची असतील तर स्टोक-ऑन-ट्रेंट, तिथून हाच कॅनल शहराच्या मधून जातो. पण आधी शार्डलो करा, बाकी ठिकाणी काय बघायचं ते इथेच शिकायला मिळतं.